जिरावन एक्स्प्रेस

आमचे व्याही ग्वाल्हेरचे, आम्ही इंदूरचे. मुलीचं लग्न ठरलं तेव्हा पत्रिका पाहिली, गोत्र पाहिलं, मुलाचा पगारसुद्धा आडून आडून विचारून झाला. शिंदे-होळकर हा मुद्दा मात्र कोणाच्या ध्यानातच आला नाही. 1801 साली शिंद्यांच्या फौजेनं इंदूर लुटलं. 1802 साली यशवंतराव होळकरांनी हडपसरला शिंदे आणि पेशवे अशा दोघांच्या फौजांना एकदमच धूळ चारली. म्हणजे हिशेब तेव्हाच चुकता झाला होता. पण मी बँकेत जन्म काढलेला माणूस. बंद झालेलं खातं पुन्हा कसं उघडायचं ते मला ठाऊक आहे, आणि व्याहीबुवांना ते माझ्याहून चांगलं जमतं.

जयविलास राजवाड्यातली झुंबरं टांगण्याआधी छताची ताकद अजमावायला वर हत्ती चढवले होते, ही हकिकत त्यांनी मला साखरपुड्यात सांगितली, लग्नात सांगितली आणि नातवाच्या बारशातही सांगितली. हत्ती खाली उतरले की चांदीची आगगाडी निघते. ही गाडी खोटी नाही. राजवाड्याच्या संग्रहालयात ती आहे आणि मी ती पाहिली आहे, म्हणजे व्याहीबुवांनी मला धरून नेऊन दाखवली आहे. माधवराव शिंद्यांनी मेजवानीच्या टेबलावर रूळ टाकून घेतले. त्यावर चांदीचं इंजिन, मागच्या डब्यांवर ‘सिंदिया’ या नावाची सात इंग्रजी अक्षरं, आणि पाहुण्यांसाठी ब्रँडी आणि सिगार. समोर आलेली सुरई उचलली की गाडी आपसूक थांबते. “याला म्हणतात राजेशाही,” असं म्हणून व्याहीबुवा माझ्या खांद्यावर हात ठेवतात. तो हात सांत्वनाचा असतो.

मीही काही कमी नाही. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी खांडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, साडेचार टक्क्यांनी, 101 वर्षांच्या बोलीवर. इतक्या लांब मुदतीचा प्रस्ताव मी माझ्या उभ्या नोकरीत वर पाठवायला धजलो नसतो. त्यातून नर्मदेवर पूल झाला, पाताळपाणीच्या घाटात बोगदे पडले. “तुमच्या महाराजांची गाडी सिगार वाहायची, आमच्या महाराजांची माणसं,” असं मी ऐकवतो. त्यावर ते ग्वाल्हेर लाइट रेल्वे काढतात. मी म्हणतो, ती दोन फुटी. ते म्हणतात, फूट मोजू नका, मैल मोजा. एवढं झालं की मी हुकमाचं पान टाकतो.

हे पान खरोखरच पान आहे. लॅरी कॉलिन्स आणि दोमिनिक लापिएर यांच्या ‘फ्रीडम ॲट मिडनाइट’ या 1975 सालच्या पुस्तकात ग्वाल्हेरच्या या टेबलगाडीचा किस्सा आहे. महाराजांनी व्हाइसरॉयला मेजवानी दिली, ऐन रंगात नियंत्रणाच्या फळीत शॉर्ट सर्किट झालं, गाड्या बेफाम सुटल्या आणि रस्सा, मांस, वाटाण्याचं पुरण असं सगळं पाहुण्यांच्या अंगावर उडालं. मी या पानात खुणेची चिठ्ठी घालून ठेवली आहे. “शॉर्ट झाला की नाही?” एवढंच मी विचारतो. व्याहीबुवा चहाचा कप उचलतात आणि हवापाण्याकडे वळतात.

मी निवृत्त झालो आणि जावयानं श्टुटगार्टहून डिजिटल आगगाडीचा संच पाठवला. जावई म्हणजे व्याहीबुवांचाच मुलगा, हे मी तेव्हाच लक्षात घ्यायला हवं होतं. खोक्यात दोन इंजिनं, मालडबे, रूळ आणि दोन्ही हातांनी धरायचं एक बटणांचं यंत्र होतं. पुण्याला कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशींचं लघुरेल्वेचं संग्रहालय 1998 पासून आहे. ते पाहून आल्यापासून गच्चीवरच्या खोलीत पाताळपाणीचा घाट उभारायचा माझा बेत होताच. प्लायवूड आलं, थर्माकोल आला, धबधब्यासाठी फेव्हिकॉल आला. रूळ आले आणि पहिलाच पेच पडला.

या खेळात वस्तू खऱ्याच्या 87 पट लहान असतात आणि दोन रुळांतलं अंतर साडेसोळा मिलिमीटर असतं. साडेसोळाला 87 नी गुणलं तर येतात जवळपास 1435 मिलिमीटर. आपली ब्रॉडगेज 1676 ची आणि मीटरगेज 1000 ची. म्हणजे माझ्या रुळांवर ना पाताळपाणीची जुनी गाडी बसत होती, ना नवी येणारी. 1435 वर आमच्या गावात धावते ती फक्त 2025 साली सुरू झालेली इंदूर मेट्रो. आणि मेट्रो घाट उतरून कालाकुंडला कलाकंद घ्यायला जाणं अवघडच. मी हा तपशील घरात कोणाला सांगितला नाही. कोणी विचारलाही नाही.

जुन्या इलेक्ट्रिक आगगाडीचा हिशेब सोपा होता. खटका फिरवला की रुळात वीज कमीजास्त व्हायची, गाडी हळू किंवा जोरात धावायची. डिजिटलमध्ये रुळात पंधराएक व्होल्ट कायम खेळत असतात, गाडी उभी असली तरी. त्याच विजेतून हुकूमही जातात. वीज दिशा पालटत राहते. पालटायला 58 मायक्रोसेकंद लागले तर तो एक, शंभर किंवा जास्त लागले तर शून्य. या एक-शून्याच्या भाषेत ‘क्रमांक तीन, पुढे चल’ असा हुकूम सगळ्या रुळांवर फिरतो. प्रत्येक इंजिनाच्या पोटात डिकोडर नावाची नखाएवढी पट्टी असते. ती सगळे हुकूम ऐकते आणि फक्त आपल्या क्रमांकाचा पाळते. नवा डिकोडर खोक्यातून बहुधा तीन हाच क्रमांक घेऊन बाहेर पडतो.

डिकोडरात आकडे भरून ठेवायच्या जागा असतात, त्यांना सीव्ही म्हणतात. अशा 1024 जागांची तरतूद आहे आणि एकेका जागेत शून्यापासून 255 पर्यंत काहीही भरता येतं. एक नंबरच्या सीव्हीत इंजिनाचा क्रमांक, तीनमध्ये वेग किती सावकाश वाढावा ते, एकोणतीसमध्ये पुढे म्हणजे नक्की कोणती दिशा ते. बँकेत लाखाच्या व्यवहाराला दोन सह्या लागायच्या. इथे 1024 खाती आणि सही एकट्याच्या अंगठ्याची. मला उशिरा का होईना, पूर्ण अधिकाराची शाखा मिळाली होती.

आता त्या शॉर्टविषयी. दोन रूळ म्हणजे विजेचे दोन ध्रुव, शेजारी शेजारी उघडे मांडून ठेवलेले. इंजिन तिरकं घसरलं, सांध्यावर चाक चुकीच्या जागी टेकलं, कोणी चमचा ठेवला, की झालाच शॉर्ट. त्यासाठी बूस्टर नावाच्या पेटीत रखवालदार बसवलेला असतो. ठरवलेल्या अँपिअरपेक्षा जास्त वीज ओढली गेली की तो सेकंदाच्या बारीकशा अंशात सगळं बंद करतो आणि लाल दिवा लावतो. हे लाड नाहीत. पंधरा व्होल्ट आणि पाच अँपिअर म्हणजे 75 वॅट. बाजारात मिळणारी साधी सोल्डरिंगची इस्त्री 25 वॅटची असते. तीन इस्त्र्या एका चाकावर टेकवल्या तर प्लॅस्टिकच्या बोगीचं काय होईल, याची कल्पना करता येते. माझ्या बाबतीत कल्पनेची गरज पुढे उरली नाही.

आमचा रखवालदार पहिल्या दिवसापासून लाल. बटण दाबलं की लाल. रूळ पुसले, लाल. रूळ उचलून पुन्हा जोडले, लाल. धबधब्याचा फेव्हिकॉल ओला असावा म्हणून वाळवायला पंखा लावला. फेव्हिकॉल वाळला, दिवा लालच. दोष माझ्या रुळांत नसून रखवालदाराच्या स्वभावात आहे, असं माझं मत बनलं. गंमत म्हणजे ते निम्मं बरोबर निघालं. दोन्ही इंजिनं आवाजवाली होती आणि त्यांच्या पोटात वीज साठवणारे कपॅसिटर होते. रुळात वीज येताच ते दोघे उपाशी असल्यागत एकदम वीज ओढायचे, तेही क्षणभरच. आणि रखवालदार त्यालाच शॉर्ट समजायचा. यावरचा उपाय सोपा असतो: किती वेळ वाट पाहून वीज तोडायची, तो आकडा थोडा वाढवायचा. मी वाढवला. दिवा हिरवा झाला. इंजिनानं शिट्टी मारली, खाली ओट्यापाशी हिनं दचकून पातेलं सोडलं, आणि मला त्या आकड्याची चटक लागली.

घाटाच्या दुसऱ्या टोकाला मी फेरा टाकला होता, गाडी वळून त्याच रुळावर परत यावी म्हणून. दोन रुळी गाडीत अशा फेऱ्यात एक जन्मजात शॉर्ट असतो: डावा रूळ वळून येतो आणि उजव्याला जाऊन भिडतो. त्यासाठी आपोआप ध्रुव पालटणारं एक यंत्र बसवतात. त्याचं काम एवढंच की, शॉर्ट दिसला रे दिसला की बूस्टर वीज तोडायच्या आत आपल्या बाजूचे ध्रुव उलटे करायचे. दोघांची शर्यत असते, मिलिसेकंदांची. दोघांचे अँपिअरचे आकडे सारखे ठेवले तर नवराबायकोसारखं होतं; आधी नमतं कोण घेणार ते ठरत नाही आणि घरात अंधार. यंत्राचा आकडा खाली, बूस्टरचा वर, हा नियम. मी नियम पाळला. बूस्टरचा आकडा वर नेला, आणखी वर नेला, आणि वर जागा आहे तोवर खाली का राहायचं, म्हणून शेवटी पाच अँपिअरवर नेऊन ठेवला. गाडी फेऱ्यातून डौलात फिरू लागली. लाल दिवा असतो हेही मी विसरलो.

त्याच सुमारास मला नाण्याच्या परीक्षेबद्दल कळलं. रुळांवर जागोजागी नाणं आडवं टाकायचं. प्रत्येक ठिकाणी बूस्टर तत्काळ बंद पडला तर तुमची तारजोडणी उत्तम. दहा रुपयांचं नाणं 27 मिलिमीटर रुंद असतं, ते साडेसोळावर आरामात बसतं. भाजीवाला जे नाणं घ्यायला कुरकुरतो ते माझ्या रुळांनी मुकाट घेतलं. कुठेही दिवा लाल झाला नाही. नाणं उचलायला गेलो तर बोट भाजलं. मी बोटाला बर्नॉल लावलं आणि जोडणी इतकी दणकट आहे की शॉर्टलाही दाद देत नाही, असा निष्कर्ष काढला.

खरा प्रकार असा होता. रुळांना वीज न्यायला मी जुन्या दिवाळीच्या माळेची तार वापरली होती. केसासारखी तार, तिचाच विरोध पाच ओहमच्या घरात. पंधरा व्होल्ट भागिले पाच ओहम, म्हणजे रुळांत पुरता शॉर्ट झाला तरी वीज वाहणार तीन अँपिअर. बूस्टर पाचची वाट पाहत बसलेला. त्याला वाटायचं, जड मालगाडी चालली आहे. 45 वॅट निमूट तारेत आणि नाण्यात जळत राहायचे. ओहमचा नियम मी शाळेत पाठ केला होता. पाठ केलेल्या गोष्टी ऐन वेळी कामाला येऊ नयेत, अशी आमच्या शाळेचीही शिस्त होती.

मध्यंतरी एक जुनं, वडिलोपार्जित म्हणावं असं इंजिन मला चुलतभावाकडून मिळालं. ते साध्या विजेवर चालणारं. त्याला डिकोडर बसवून डिजिटल करायचं ठरवलं. तारांचे रंग ठरलेले असतात: लाल आणि काळी रुळांकडून, नारिंगी आणि करडी मोटारीला, पांढरी आणि पिवळी पुढच्या-मागच्या दिव्याला, निळी सगळ्यांची सामाईक. मी रंग बघून बघून जोडले. इंजिन दोन बोटं चाललं, थांबलं आणि दिवे मिचकावू लागलं. डिकोडरच्या भाषेत त्याचा अर्थ ‘मोटार झेपत नाही, मी बंद करतो आहे’ असा. म्हणजे इथेही रखवालदार! काही डिकोडरांत हे मोटारीचं संरक्षण बंद करायची सोय असते. माझ्यात होती. एक आकडा बदलला आणि इंजिन पुन्हा रुळावर ठेवलं.

दिवे मिचकावणं थांबलं. धूर निघाला. खालून हिचा आवाज आला, “अहो, हिंग करपला का कुठे?”

जेल रोडला मोबाइल दुरुस्त करणारा एक उस्ताद आहे. त्याच्यासमोर इंजिन ठेवलं. त्यानं डोळ्याला भिंग लावलं, मल्टिमीटरची एक सुई मोटारीच्या ब्रशवर ठेवली, दुसरी इंजिनाच्या धातूच्या सांगाड्यावर. मीटर ‘टीं’ करून ओरडलं. जुन्या इंजिनांत सांगाडाच तारेचं काम करतो. मोटारीचं एक टोक त्यालाच टेकलेलं असतं. डिकोडर बसवण्याआधी मोटार सांगाड्यापासून पूर्ण सोडवावी लागते, नाहीतर रुळातली वीज थेट डिकोडरच्या पोटात घुसते. उस्तादानं भिंग काढलं आणि माझ्याकडे पाहिलं.

“भिया, ये बेचारा तो चिल्ला रहा था. आपने मुँह क्यों बंद किया?”

मी म्हटलं, आवाज फार करत होता.

जळलेला डिकोडर घेऊन घरी आलो. इंदूरला कचरा सहा प्रकारांत वेगळा करून द्यावा लागतो. सकाळी गाडी गाणं वाजवत आली तेव्हा मी तो ओल्यात की सुक्यात या विचारात उभा होतो. गाडीवरच्या मुलानं तो बोटांत धरून वास घेतला, ‘इलेक्ट्रॉनिक’ लिहिलेल्या पेटीत टाकला आणि म्हणाला, “अंकल, अगला भी संभाल के देना.” शहर स्वच्छतेत पहिलं का येत आलं ते मला समजलं. ‘अगला’ त्याला कुठून समजला, ते नाही.

व्याहीबुवांचं सहकुटुंब येणं पक्कं झालं आणि मी प्रतिज्ञा केली. ग्वाल्हेरच्या गाडीनं ब्रँडी-सिगार वाहिली असतील. इंदूरची गाडी तूप आणि जिरावन वाहील. जिरावन म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा आमचा मसाला. इंदूरचा माणूस परदेशी जाताना पासपोर्ट विसरेल, जिरावन नाही. जेवणाचं टेबल साडेतीन फूट रुंद. 360 मिलिमीटर त्रिज्येचे वळणाचे रूळ त्यावर बरोबर बसले. दाल-बाफले करायचे, आणि बाफल्यावर तूप एका गाडीनं येईल, जिरावन-लिंबू दुसरीनं. मालडब्यात नैवेद्याची वाटी अशी काही चपखल बसली की, जर्मन लोकांनी माप आमच्या देव्हाऱ्यातून नेलं असावं अशी शंका यावी. तारा गच्चीवरच्याच आणल्या, त्याच दिवाळीच्या. माळेची तार घरच्या उत्सवाला वापरण्यात औचित्यही होतं.

दोन इंजिनं समोरासमोर तोंड करून ठेवली. चार नंबरची तुपाची, पाच नंबरची जिरावनची. एक थांबल्याशिवाय दुसरी सुटणार नाही, असं वेळापत्रक मनात तयार. पाहुणे हात धुवायला गेले तेव्हा मला वाटलं, तुपाची गाडी जरा सावकाश सुटावी. तूप पातळ होतं. म्हणजे सीव्ही तीन वाढवायचा. वेळ नव्हता, म्हणून इंजिनं जागची न हलवता प्रोग्रॅमिंग सुरू केलं. घाईत अंगठा तीनऐवजी एकावर पडला. तेवढ्यात हिनं विचारलं, “झालं का तुमचं?” मी ‘झालं’ म्हटलं आणि दाबलं.

त्या क्षणी काय घडलं ते तांत्रिक आहे, पण सांगायलाच हवं. चालत्या गाडीला हुकूम देताना क्रमांक सांगावा लागतो. प्रोग्रॅमिंगच्या हुकमात क्रमांकच नसतो. रुळावर जो कोणी उभा असेल त्यानं तो आपल्यासाठी समजायचा. म्हणून प्रोग्रॅमिंगला वेगळा रूळ ठेवतात, किंवा बाकीची इंजिनं उचलून बाजूला ठेवतात. माझ्या टेबलावर दोघंही उभे होते. दोघांनीही ऐकलं. दोघंही एकाच क्रमांकाचे झाले.

पानं वाढली. व्याहीबुवांना मी टेबलाच्या मधोमध बसवलं होतं, दोन्ही गाड्या नीट दिसाव्यात म्हणून. मी शिट्टीचं बटण दाबलं. टेबलाच्या दोन्ही टोकांकडून शिट्ट्या आल्या. “वा! स्टिरिओ!” विहीणबाई म्हणाल्या. माझी छाती भरून आली आणि मी वेग दिला.

तुपाची गाडी निघाली. जिरावनची गाडीही निघाली. एकाच रुळावर, एकमेकींकडे. मी थांबवायचं बटण शोधू लागलो. ते नेहमी उजवीकडे असतं, आणि मी यंत्र उलटं धरलं होतं. व्याहीबुवांच्या ताटासमोर बरोबर मध्यावर भेट झाली. नैवेद्याची वाटी उडून त्यांच्या झब्ब्याच्या खिशाशी रिती झाली. जिरावन वर गेलं आणि अंमळ थांबून सगळीकडे समान बसलं. विहीणबाईंना शिंका सुरू झाल्या. दोन्ही इंजिनं तिरकी होऊन रुळांवर आडवी पडली आणि वाढायचा स्टीलचा डाव त्यांच्यावर.

तूप विजेचं वाहक नाही, हे मला आठवलं आणि धीर आला. पण डाव वाहक आहे. पाच अँपिअरची वाट पाहणारा बूस्टर स्थितप्रज्ञ होता. हिरवा दिवा शांतपणे जळत होता. खरं जळत होती ती टेबलाखालची दिवाळीची तार. आधी वास आला, मग टेबलक्लॉथवर तारेच्या वळणाची तपकिरी नक्षी उमटू लागली, मग एका बोगीनं गुडघे टेकले. नातू टाळ्या वाजवत म्हणाला, “आजोबा, परत करा!”

ही उठली, कॉरिडॉरमध्ये गेली आणि मेन स्विच खाली ओढला. सेटिंग वगैरे काही नाही. सगळं घर काळोखात बुडालं.

अंधारात विहीणबाईंच्या शिंका तेवढ्या चालू होत्या. त्या थांबल्यावर व्याहीबुवांचा आवाज आला, अगदी सौम्य, झब्बा झटकत झटकत:

“आमच्याकडे निदान व्हाइसरॉय तरी होते.”

‘फ्रीडम ॲट मिडनाइट’ दुसऱ्या दिवशी मी कपाटाच्या वरच्या फळीवर, मागच्या रांगेत ठेवलं.

नंतर उस्ताद घरी येऊन गेला. त्यानं माळेची तार दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवली आणि दीड एमएमची तांब्याची तार टाकली. प्रत्येक रुळाच्या तुकड्याला स्वतंत्र जोड दिले. दोन इंजिनं मिळून दीड अँपिअरच्या वर जात नाहीत, हे मोजून बूस्टरचा आकडा अडीचवर आणला. वाट पाहण्याची मुदत कपॅसिटरपुरतीच ठेवली. मोटारीचं संरक्षण पुन्हा सुरू केलं. प्रोग्रॅमिंगसाठी फूटभर रूळ वेगळा बसवला आणि त्यावर एका वेळी एकच इंजिन, असा कागद हिनं स्वतःच्या अक्षरात लिहून चिकटवला. आता दहाचं नाणं कुठेही टाका, ते टेकायच्या आत दिवा लाल होतो. उस्ताद जाताना म्हणाला, “अब हाथ मत लगाना, भिया.” मी मीटरच्या ‘टीं’वर हात ठेवून शपथ घेतली.

परवा ग्वाल्हेरहून फोन आला. तुपाचा डाग झब्ब्यावरून गेला होता, पण दुसरा लागला होता: व्याहीबुवांनी मुलाकडून स्वतःसाठी संच मागवला होता. आवाजवाली तीन इंजिनं. सुरू करताच लाल दिवा लागतो, असं ते काळजीनं सांगत होते. मी त्यांना कपॅसिटर समजावून सांगितले, मुदतीचा आकडा सांगितला, दीड एमएमची तार घ्या म्हणालो, अडीचच्या वर जाऊ नका म्हणालो. सगळं खरं खरं सांगितलं. संबंध दोन घरांचे आहेत. शेवटी त्यांनी विचारलं, “आणि हे प्रोग्रॅमिंग करताना बाकीची इंजिनं रुळावरून उचलावी लागतात का हो?”

मी होळकरांच्या गावचा माणूस.

“छे, छे,” म्हटलं, “सगळी उभी राहू द्या.”